नव्या ट्रकचें पहिलें तेल

नवा ट्रक दारांत आला म्हणजे त्याची पूजा होते. पुढच्या काचेवर कुंकवाचें स्वस्तिक निघतें, बंपरला लिंबू-मिरच्या बांधल्या जातात, चाकापुढें नारळ फुटतो, आणि मालक, ड्रायव्हर व क्लीनर हे तिघेही प्रसाद खाऊन पहिल्या भाड्याच्या तयारीला लागतात. त्यानंतर कांहीं काळ त्या ट्रककडे कोणी निरखून पाहत नाहीं. तो नवा असतो, आणि नव्या वस्तूंत दोष शोधण्याची लोकांची रीत नाहीं. मग एके दिवशीं किलोमीटरचा आंकडा पुस्तिकेंत दिलेल्या आंकड्याजवळ येतो, आणि पहिलें इंजिन ऑइल बदलण्याचा प्रश्न उभा राहतो. अशा वेळीं सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. गॅरेजमधील मिस्त्री एक तेल सांगतो, दुकानदार दुसरें सुचवितो, आणि ढाब्यावर भेटलेला दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर तिसऱ्याची शपथ घेतो. प्रत्येकाच्या पाठीशीं दहा-वीस वर्षांचा अनुभव असतो. अडचण एवढीच कीं, तो अनुभव बहुधा निराळ्या इंजिनांचा असतो.

एकाच ट्रकवर संसार चालविणाऱ्या मालकाला हा प्रश्न लहान नव्हे. ट्रक बहुतेक वेळां कर्ज काढून घेतलेला असतो. गाडी चालो वा उभी राहो, हप्ता ठरल्या तारखेला द्यावाच लागतो. मध्यम व जड ट्रकच्या इंजिनांत एका वेळीं साधारण १५ ते २५ लिटर तेल बसतें, कांहीं मोठ्या इंजिनांत त्याहूनही अधिक. तेव्हां लिटरमागें शंभर रुपये वांचविण्याचा मोह पडणें स्वाभाविक आहे, कारण एका खेपेला दोन हजार रुपये हातीं राहतात. परंतु हे दोन हजार वांचवितांना ज्या वस्तूला धोका पोहोंचतो, ती इंजिनाच्या पोटांत नसून बाहेर, धुराच्या वाटेवर बसविलेली असते, आणि ती बदलण्याचा खर्च लाखाच्या घरांत जाऊं शकतो. ती वस्तु कोणती, तें पुढें येईल. त्याआधीं तेल म्हणजे काय, हें थोडें पाहिलें पाहिजे.

वंगण ही कांहीं नवी वस्तु नव्हे. बैलगाडीच्या आंसाला एरंडेलाचें वंगण घालणारा गाडीवान घर्षणाचें शास्त्र न शिकतांच जाणत होता. त्या वंगणाचें काम एकच होतें: आंस आणि चाक एकमेकांना घांसूं नयेत. डिझेल इंजिनांतील तेलाला मात्र एकट्यानें अनेक नोकऱ्या कराव्या लागतात. घर्षण कमी करावयाचें, उष्णता वाहून न्यावयाची, पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांमधील फट भरून काढावयाची, धातूला आम्लापासून जपावयाचें, आणि जळणाची काजळी पोटांत घेऊन ती कोठेंही सांचूं द्यावयाची नाहीं. ह्या शेवटच्या कामाची गरज जरा उशिरा लक्षांत आली. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत कॅटरपिलर कंपनीच्या डिझेल यंत्रांतील रिंगा काजळीनें आपल्या खांचांत चिकटून बसूं लागल्या. त्या काळचें उत्तमांतलें उत्तम शुद्ध खनिज तेलही त्यावर उपाय करूं शकेना. तेव्हां १९३५ च्या सुमारास स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया ह्या कंपनीनें मळ धुऊन काढणारें द्रव्य मिसळलेलें 'डेलो' हें तेल तयार केलें. तेव्हांपासून डिझेल इंजिनाचें तेल हें नुसतें तेल राहिलें नाहीं. तेल हें अनुपान झालें आणि त्यांत मिसळलेलें द्रव्य हें औषध. पहिल्या बदलाच्या वेळीं मालकाला खरी निवड करावयाची असते ती ह्या औषधाची.

नव्या इंजिनांत आरंभीं काय घडतें, हेंही जाणून घेण्यासारखें आहे. सिलिंडरची भिंत आरशासारखी गुळगुळीत केलेली नसते. कारखान्यांत तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा मुद्दाम ओढलेल्या असतात, कारण त्या रेघांत तेल टिकून राहतें. रेघांच्या कडांना सूक्ष्म शिखरें असतात. पिस्टनबरोबर वरखालीं होणारी रिंग तीं झिजवून आपली जागा करून घेते. जात्याला टांकी लावली म्हणजे पहिल्या दळणांत दगडाची कचकच येते, आणि जाणती गृहिणी तें पीठ वेगळें काढून ठेवते. तसाच हा प्रकार. पहिल्या तेलांत लोखंडाचे, बेअरिंगांतील धातूंचे आणि जोड बंद करणाऱ्या लेपांतील सिलिकॉनचे कण नेहमींपेक्षां अधिक सांपडतात, तें ह्यामुळेंच. ते सांपडले म्हणून इंजिन बिघडलें असें समजूं नये.

ह्यांतील मोठे कण ऑइल फिल्टर अडवितो. बारीक कण मात्र त्यांतून निसटून तेलाबरोबर फिरत राहतात. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, आणि चालत्या बेअरिंगमधील तेलाचा थर कित्येक ठिकाणीं अवघ्या दोन-चार मायक्रॉनांचा असतो. डोळ्याला न दिसणारा कणही तेथें खड्यासारखा बोंचतो. म्हणून पहिल्या बदलाच्या वेळीं फिल्टरही नवाच घातला पाहिजे. जुन्या फिल्टरवर नवें तेल ओतणें म्हणजे खरकट्या भांड्यांत धारोष्ण दूध काढण्यासारखें आहे.

पूर्वीच्या काळीं नव्या गाडीचें तेल ५०० मैलांवर किंवा हजार किलोमीटरांवर काढून टाकीत, आणि त्या काळच्या इंजिनांना तें योग्यच होतें. आज कारखान्यांतच त्या रेघांचीं शिखरें बरीचशीं कापून सपाट केलेलीं असतात, आणि सुटे भाग जुळविण्यापूर्वीं अधिक काळजीनें धुतले जातात. म्हणून कांहीं कंपन्या पहिला बदलही नेहमींच्याच मुदतीला सांगतात, तर कांहीं कंपन्या पहिली मुदत आंखूड ठेवतात. मोठ्या मालवाहू ट्रकांच्या पुस्तिकांत आज ४०,००० किलोमीटर किंवा त्याहूनही लांब मुदती आढळतात. टिपर आणि काँक्रीट मिक्सर यांसारख्या, थोडें चालून पुष्कळ राबणाऱ्या गाड्यांना किलोमीटरांबरोबर तासही मोजावे लागतात. मुदतीच्या थोडें आधीं तेल काढलें तर इंजिनाची हानि होत नाहीं. झालीच तर खिशाची होते. अपवाद एकच: कारखान्यानें आरंभासाठीं खास तेल भरलें असेल आणि तें अमुक अंतरापर्यंत काढूं नये असें सांगितलें असेल, तर तें तोंवर राहूं द्यावें.

आतां मिस्त्रीच्या परीक्षेकडे वळूं. तो डिपस्टिक बाहेर काढतो, अंगठा व तर्जनी यांमध्यें तेल चोळतो, उजेडांत धरून पाहतो, आणि तेल 'मेलें' असा निकाल देतो. वास्तविक डिझेल इंजिनांत चांगलें तेल लवकर काळें पडतें, आणि तें काळें पडणें हें त्याच्या कर्तव्याचें लक्षण आहे; काजळी तेलांत तरंगत राहिली, म्हणजे ती रिंगांच्या खांचांत बसली नाहीं. रंगावरून तेलाचें आयुष्य सांगतां येत नाहीं, आणि बोटांना औषध कळत नाहीं. बोटांना कळतो तो फक्त जाडपणा, आणि त्याविषयींही एक समजूत घट्ट रुजलेली आहे: जितकें तेल जाड, तितकें इंजिन सुरक्षित.

ह्या समजुतींत अर्धें सत्य आहे. तेल फार पातळ झालें तर धातूवर धातु घांसते हें खरें. परंतु तेल जाड असेल तर पहांटे गार इंजिन सुरू करतांना तें सर्व भागांपर्यंत उशिरा पोहोंचतें, आणि तेवढ्या क्षणांत होणारी झीज ही मैलोगणती रस्त्यावरच्या झिजेपेक्षां कमी लेखण्यासारखी नसते. ह्यासाठींच अमेरिकेंतील मोटर-इंजिनिअरांच्या एसएई ह्या संस्थेनें १९११ सालीं तेलांच्या जाडपणाची प्रतवारी सुरू केली, आणि डब्यावरील '१५डब्ल्यू-४०' ही खूण तिच्याच आजच्या रूपाची आहे. डब्ल्यू हें हिवाळ्याचें अक्षर. १५डब्ल्यू तेल थंडींत इंजिन फिरूं देतें कीं नाहीं, हें शून्याखालीं २० अंशांवर पाहतात. १०डब्ल्यूची तीच परीक्षा शून्याखालीं २५ अंशांवर आणि ५डब्ल्यूची ३० अंशांवर होते. पुढचा ४० हा आंकडा तापलेल्या तेलाचा: १०० अंशांवर त्याचा जाडपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक यांच्या दरम्यान असला पाहिजे. लासलगांवचा कांदा भरून न्हावा-शेव्याच्या बंदराकडे जाणाऱ्या किंवा कसाऱ्याचा घाट चढणाऱ्या ट्रकला हिवाळ्याच्या अक्षराची चिंता सहसा पडत नाहीं. येथें पुस्तिकेनें १५डब्ल्यू-४० सांगितलें असेल तर तें पुरेसें आहे. तोच ट्रक हिवाळ्यांत लडाखकडे जाणार असेल तर गोष्ट वेगळी. तेथें रात्रीं पारा शून्याखालीं २० अंशांच्याही खालीं जातो, आणि अशा मुलखासाठीं पुस्तिकेंत जें पातळ तेल सांगितलेलें असतें तेंच भरलें पाहिजे.

उलट, पातळ तेलानें डिझेल वांचतें म्हणून वाटेल तें पातळ तेल भरणेंही धोक्याचें आहे. 'एफए-४' नांवाची एक प्रत अमेरिकेंत २०१६ च्या अखेरीस निघाली. ती मुद्दाम पातळ केलेली असून तिच्यासाठींच घडविलेल्या इंजिनांना ती चालते, इतरांना नाहीं. पुस्तिकेंत तिचें नांव नसेल तर ती स्वस्त मिळाली तरी नको.

जाडपणाचा आंकडा हा मात्र ह्या निवडीचा लहान भाग होय. मोठा भाग म्हणजे त्याच डब्यावर बारीक अक्षरांत छापलेली प्रत. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या पद्धतींत डिझेल इंजिनांच्या तेलांना 'सी' ह्या अक्षरानें आरंभ होणारीं नांवें आहेत. 'सीआय-४' ही प्रत २००२ सालची, 'सीजे-४' २००६ सालची, आणि 'सीके-४' २०१६ सालच्या डिसेंबरांतली. मिस्त्रीच्या दृष्टीनें हीं तिन्ही एकाच घरचीं भावंडें. त्यांतलें थोरलें स्वस्त आणि ओळखीचें, म्हणून तो तेंच सुचवितो. येथें त्याला दोष देण्यापूर्वीं त्याचा अनुभव कोठून आला, हें पाहणें न्यायाचें होईल.

१९९० नंतरच्या दशकाच्या आरंभीं भारतांत विकल्या जाणाऱ्या डिझेलांत एक टक्क्यापर्यंत गंधक चालत असे, म्हणजे दहा लाख भागांत १०,००० भाग. गंधक जळला म्हणजे त्यापासून आम्ल तयार होतें, आणि तें आम्ल रिंगा व बेअरिंगें खाऊन टाकतें. त्याला मारण्यासाठीं तेलांत कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार भरपूर घालावे लागत. ज्या तेलांत हे क्षार अधिक, त्या तेलावर इंजिन अधिक दिवस टिके. मिस्त्रीनें हें डोळ्यांनीं पाहिलें, आणि तो जें शिकला तें खरेंच होतें. पुढें गंधकाची मर्यादा उतरत गेली. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ हे नियम लागू झाले, आणि डिझेलांतील गंधक दहा लाखांत १० भागांवर आला. म्हणजे सुमारें तीस वर्षांत तो हजाराव्या हिश्शावर उतरला. ज्या शत्रूसाठीं एवढा दारूगोळा सांठविला होता तो शत्रूच जवळजवळ नाहींसा झाला.

दारूगोळा मात्र निरुपद्रवी नव्हे. त्याच नियमांमुळें नव्या ट्रकच्या धुराच्या वाटेवर काजळी गाळणारा फिल्टर बसला. डीपीएफ म्हणतात तो हाच, आणि दोन हजारांच्या बचतींत धोक्यांत येणारी वस्तु ती हीच. हा फिल्टर म्हणजे असंख्य बारीक बोगद्यांची एक वीटच होय. एकाआड एक बोगद्याचें तोंड बंद केलेलें असल्यामुळें धुराला भिंतींतून झिरपून जावें लागतें, आणि काजळी आंत अडकते. ती सांचली म्हणजे इंजिन धुराची उष्णता वाढवितें आणि ५५० ते ६०० अंशांच्या आसपास ती जाळून टाकतें. काजळी हा कार्बन असल्यामुळें तो जळून जातो. परंतु प्रत्येक इंजिन थोडें तेल खातेंच, आणि त्या तेलांतील कॅल्शियम व मॅग्नेशियम जळत नाहींत. त्यांची राख होते. चुलींतील लाकूड जळून गेलें तरी राख उरतेच, आणि ती कोणी काढल्याशिवाय चुलीबाहेर जात नाहीं. फिल्टरमध्यें ही राख मागच्या टोंकापासून सांचत पुढें येते आणि काजळीची जागा व्यापून टाकते.

ह्याचा हिशेब अवघड नाहीं. सीके-४ तेलांत राखेचें प्रमाण वजनानें जास्तींत जास्त एक टक्का असावें, असें बंधन आहे. सीआय-४ वर असें बंधन नव्हतें, आणि जुन्या धाटणीच्या एखाद्या तेलांत तें दीड टक्क्याच्या आसपास असूं शकतें. एक लिटर तेल साधारण ८७० ग्रॅम भरतें. हिशेबासाठीं धरून चालूं कीं, इंजिन ५,००० किलोमीटरांत एक लिटर तेल खातें. म्हणजे एक लाख किलोमीटरांत २० लिटर. एक टक्क्यानें त्याची राख सुमारें १७५ ग्रॅम होते, आणि दीड टक्क्यानें सुमारें २६० ग्रॅम. फिल्टर साफ करण्याची वेळ त्या मानानें अलीकडे येते. मध्यंतरीं काजळी वारंवार जाळावी लागते, तीसाठीं अधिक डिझेल खर्च होतें, धुराला वाट न मिळाल्यामुळें चढावावर ताकद उतरते, आणि शेवटीं डॅशबोर्डवर दिवा लागून गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते. तोंवर मालकाला तेलाची आठवणही राहिलेली नसते. तो डिझेलच्या पंपाला दोष देतो.

म्हणून फिल्टर असलेल्या ट्रकसाठीं कमी राखेचें तेल हवेंच. अमेरिकन पद्धतींत तें सीके-४ होय. युरोपच्या एसीईए संस्थेच्या प्रतवारींत ई६ व ई९ ह्या प्रती कमी राखेच्या होत्या. २०२२ सालीं त्यांची जागा ई८ व ई११ यांनीं घेतली. ह्याशिवाय इंजिन बनविणाऱ्या कंपन्यांचीं स्वतःचीं मान्यतापत्रें असतात: कमिन्सचें सीईएस २००८६, व्होल्वोचें व्हीडीएस-४.५, मर्सिडीज-बेंझचें २२८.५१, अशीं. डबा पाहतांना एक बारकावा सांभाळावा. ह्या प्रतीस 'मान्यता आहे' असें छापणें वेगळें, आणि तिच्या 'गरजा पुरवितें' असें छापणें वेगळें. पहिलें इंजिनवाल्यानें तपासून दिलेलें असतें. दुसरें तेलवाल्यानें स्वतःविषयीं म्हटलेलें असतें. वॉरंटी चालू असेतोंवर पहिल्या प्रकारचा डबा घेणें शहाणपणाचें.

सिंथेटिक तेलाविषयीं दोन विरुद्ध समजुती एकाच गॅरेजांत नांदतात. एकीप्रमाणें नव्या इंजिनाला तें घालूं नये, त्यानें रिंगा बसत नाहींत. दुसरीप्रमाणें तेंच सर्वांत उत्तम. पहिली फारशी टिकत नाहीं. अमेरिकेंतील कॉर्व्हेट ही मोटार १९९२ च्या नमुन्यापासून कारखान्यांतूनच सिंथेटिक तेल भरून निघूं लागली, आणि तिच्या रिंगा बसल्या. शिवाय पहिल्या बदलापर्यंत ट्रकच्या रिंगांचें बसणें बहुतांशीं उरकलेलेंच असतें. दुसरी समजूत अर्धवट आहे, कारण 'सिंथेटिक' हा शब्दच सैल झाला आहे. १९९९ सालीं मोबिल व कॅस्ट्रॉल यांच्यांतील जाहिरातीच्या वादांत अमेरिकेच्या जाहिरात-परीक्षक मंडळानें असा निर्णय दिला कीं, खनिज तेलावर हायड्रोजनची तीव्र प्रक्रिया करून बनविलेल्या तेलासही हें नांव लावतां येईल. असें तेल वाईट नसतें. पण नुसत्या शब्दासाठीं दुप्पट किंमत मोजावी, असेंही त्यांत कांहीं नाहीं. पुस्तिकेनें सांगितलेली प्रत व जाडपणा साधें तेल पुरवीत असेल, तर तें घ्यावें आणि तें वेळेवर बदलावें.

कंपनीच्या नांवाचा विचार सर्वांच्या शेवटीं येतो. मात्र दुकानाचा विचार आधीं करावा, कारण नामांकित तेलांच्या रिकाम्या डब्यांत भलतेंच तेल भरून विकण्याचा धंदा चालतो. अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावें, बुचाचें सील पाहावें, बिलावर तेलाची प्रत लिहून घ्यावी, डब्यावरील बॅच क्रमांक टिपावा. वॉरंटीचा वाद झालाच तर मिस्त्रीचा शब्द तेथें चालत नाहीं, बिल चालतें. आणि आपला रिकामा डबा भोंक पाडल्याशिवाय टाकूं नये.

तेल काढतांना इंजिन गरम असावें, म्हणजे कण तेलाबरोबर बाहेर येतात. नवें तेल भरून, इंजिन थोडें चालवून, बंद करावें. तेल चेंबरमध्यें उतरेपर्यंत थांबून सपाट जागीं डिपस्टिक पाहावी. वरच्या खुणेपेक्षां अधिक तेल भरलें तर क्रँक त्यांत बुडून फेंस करतो, आणि फेंसाला ओझें पेलत नाहीं. पुढें केव्हां तेलाची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर आनंद मानूं नये. काजळी जाळण्यासाठीं कांहीं इंजिनें सिलिंडरमध्यें उशिरा डिझेल सोडतात, आणि त्यांतलें कांहीं भिंतीवरून खालीं उतरून तेलांत मिसळतें. असें पातळ झालेलें तेल किलोमीटर न मोजतां बदलावें, आणि गाडी तपासून घ्यावी.

काढलेलें काळें तेल बांधकामाच्या सेंट्रिंगच्या फळ्यांना लावण्यासाठीं कोणीतरी मागून नेतो, नाहींतर तें गटारांत जातें. भारत सरकारच्या २०१६ च्या नियमांनीं वापरलेलें तेल घातक कचऱ्यांत गणलें असून तें परवानाधारक पुनर्शुद्धीकरण करणाऱ्याकडेच गेलें पाहिजे. मोठ्या सर्व्हिस स्टेशनांवर तशी सोय असते. लहान गॅरेजांत मालकानें विचारावें लागतें. तत्पूर्वीं त्यांतलें अर्धी वाटी तेल स्वच्छ बाटलींत भरून प्रयोगशाळेकडे पाठविलें तर तो खर्च वायां जात नाहीं. अमेरिकेंतील रेल्वे कंपन्या १९४० नंतरच्या दशकांतच आपल्या डिझेल इंजिनांचें तेल असें तपासून घेऊं लागल्या होत्या. पहिल्या नमुन्यांत धातूंचे आंकडे मोठे येतील. ते केवळ नोंदून ठेवावेत. दुसऱ्या खेपेला लोखंड व तांबें उतरलेलें दिसलें पाहिजे. सिलिकॉन उतरण्याऐवजीं चढला, आणि त्याबरोबर लोखंडही चढलें, तर तेलाला बोल न लावतां एअर फिल्टर आणि त्याचे रबरी पाईप उघडून पाहावेत. रस्त्याची धूळ तेथून आंत जात असते.